मुरलेली टकीला चाखायची कशी: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पिंपात वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या टकीलाला लाकडाचा वास येणारच. व्हॅनिला येईल, कॅरॅमल येईल, थोडी दालचिनीही येईल. हे सगळं ओकचं देणं आहे, आणि ओक व्हिस्कीलाही हेच देतो, रमलाही हेच देतो. म्हणून आन्येहो, म्हणजे किमान एक वर्ष मुरलेली टकीला हातात आली की मी एकच गोष्ट शोधतो: टकीला ज्या वनस्पतीपासून होते त्या अगावेचा वास लाकडाच्या खाली शिल्लक आहे का? असेल तर त्या बाटलीला वेळ द्यावा. नसेल तर ती कितीही मऊ लागली तरी टकीला म्हणून फसलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच शोधासाठी आहेत.

मीठ-लिंबू आज कपाटातच राहू द्या. मीठ आणि आंबट जिभेवर असताना जे शोधायचं तेच झाकलं जातं.

आधी अगावेची ओळख

आपल्याकडे माळावर, बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला काटेरी टोकांची घायपात दिसते. टकीला ज्यापासून होते तो निळा अगावे त्याच कुळातला. तो तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. मग हिमादोर, म्हणजे तोडणीचा कसबी कामगार, कोआ नावाच्या लांब दांड्याच्या गोल पात्याने पानं छाटून मधला गड्डा मोकळा करतो. त्या गड्ड्याला पिन्या म्हणतात. एक लिटर शुद्ध अगावेच्या टकीलाला साधारण सात किलो पिन्या लागतो.

कच्च्या पिन्यातली साखर लांब साखळ्यांमध्ये बांधलेली असते, ती तशीच आंबत नाही. वाफेवर शिजवल्यावर ती सुटते आणि गड्डा तपकिरी, चिकट, गोड होतो. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्टीत याला दीड-दोन दिवस लागतात; ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये काही तासांत काम होतं. तिसरी पद्धत डिफ्युझरची. तिच्यात गड्डा न शिजवताच पाण्याच्या माऱ्याने साखर धुऊन काढतात आणि रस नंतर तापवतात. शिजलेल्या अगावेचा भरदार वास पहिल्या पद्धतीत सर्वांत जास्त उतरतो, डिफ्युझरमध्ये सर्वांत कमी.

हा वास कसा असतो? निखाऱ्यात भाजलेलं रताळं सोलताना येणारा गोड, थोडा मातकट वास आठवा. त्यात काकवीची एक छटा आणि एखाद्या हिरव्या पानाचा किंचित कडवटपणा मिसळा. चाखायला बसण्याआधी खरोखरच एक रताळं भाजून त्याचा वास घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. नाकाला आधी ओळख करून दिली की गर्दीतही ते ओळखतं.

बाटली निवडताना

टकीला हे नाव १९७४ पासून मेक्सिकोत कायद्याने राखीव आहे. हलिस्को हे पूर्ण राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास या चार राज्यांचे ठरावीक भाग एवढ्याच प्रदेशात ती बनते. आपल्याकडेही दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून दारू गाळतात, त्यातली काही पिंपात मुरवलेलीही मिळते. ती स्वतःच्या नावाने विकली जाते, टकीला म्हणून नाही. पण अगावेचा वास शिकायला तिचा उपयोग नक्की होतो.

लेबलावर सर्वांत आधी ‘१०० टक्के अगावे’ शोधा. ते लिहिलेलं नसेल तर ती मिश्र टकीला: साखरेपैकी किमान ५१ टक्के अगावेची, बाकीची उसाची किंवा दुसरी कुठली. ‘गोल्ड’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या या जातीच्या असतात आणि त्यांचा सोनेरी रंग कॅरॅमलचा असतो. पार्टीत चालतील, या अभ्यासाला चालणार नाहीत.

मग मुरण्याचा वर्ग पाहा. ब्लांको म्हणजे न मुरलेली. रेपोसादो किमान दोन महिने ओकमध्ये. आन्येहो किमान एक वर्ष, आणि पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. एक्स्ट्रा आन्येहो किमान तीन वर्षं. हा वर्ग २००६ मध्ये आला. बहुतेक कारखाने अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीची वापरलेली, साधारण २०० लिटरची पिंपं घेतात, काही फ्रेंच ओक वापरतात. पिंप लहान असलं की तेवढ्याच दारूचा लाकडाशी संबंध जास्त येतो, म्हणून नियमात आकाराची मर्यादा आहे.

तिसरी खूण म्हणजे ‘नॉम’ (NOM) ही अक्षरं आणि त्यापुढचा चार आकडी क्रमांक. बाटलीवर नाव कुणाचंही असो, ती कुठल्या कारखान्यात गाळली हे त्या आकड्यावरून कळतं. ११३९ म्हणजे आरांदास गावचा ला आल्तेन्या हा कारखाना. एल तेसोरो आणि तापातियो या दोन्ही टकीला तिथल्या. १४९३ म्हणजे टकीला गावातला फोर्तालेसाचा कारखाना. दुकानात उभं राहून मोबाइलवर क्रमांक शोधला की भट्टी कुठली, डिफ्युझर आहे का, त्याच छताखाली आणखी किती ब्रँड निघतात, हे बऱ्याचदा मिळतं. बाटलीचा आकार आणि बुचाची नक्षी यांपेक्षा हा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो आणि अशा कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. आयात बाटली महाग पडते, त्यामुळे तीन-चार जणांनी मिळून घेणं शहाणपणाचं. चाखायला माणशी वीस-पंचवीस मिलिलिटर पुरे होते, म्हणजे एका बाटलीत बऱ्याच बैठका होतात.

जे लेबलावर नसतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त इथेच चकतो. मेक्सिकोच्या नियमांप्रमाणे मुरलेल्या टकीलात वजनाच्या एक टक्क्यापर्यंत चार प्रकारचे पदार्थ घालता येतात आणि त्या मर्यादेत ते लेबलावर सांगावे लागत नाहीत: कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. ‘१०० टक्के अगावे’ लिहिलेल्या बाटलीतही. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ओकचा अर्क आणि आजची तीव्र गोडवणं थेंबाथेंबाने काम करतात, त्यामुळे तेवढ्यात एका वर्षाच्या टकीलाला चार वर्षांचा आव आणता येतो.

हे बेकायदा नाही, आणि रंग प्रत्येक खेपेत एकसारखा राहावा म्हणून थोडं कॅरॅमल घालणारे कारखानेही आहेत. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती गोडवा आणि व्हॅनिला बाहेरून ओतून अगावेची उणीव झाकण्याबद्दल. भरपूर गोड आणि गुळगुळीत म्हणजे उंची, असा समज त्यातूनच पसरला आहे. ‘काहीही न मिसळलेली’ असा दावा काही उत्पादक करतात. टकीलाच्या नियामक मंडळाने, म्हणजे सीआरटीने, अशा दाव्यांवर आक्षेप घेतला आहे. त्यामुळे शेवटी आपलं नाक आणि जीभच कामाला लावावी लागते.

ग्लास, जागा, वेळ

शॉट ग्लास नको. तोंड थोडं आवळलेला, पोट असलेला छोटा ग्लास हवा. टकीलासाठी सीआरटीने मान्य केलेला रीडेलचा खास ग्लास मिळतो, पण शँपेनचा किंचित फुगीर ग्लास किंवा व्हिस्की चाखायचा ट्यूलिप ग्लासही उत्तम चालतो. तो साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने परत खळबळून घ्या आणि उपडा घालून वाळवा. फडक्याचा वास काचेला चटकन लागतो.

जेवणाआधीची वेळ धरा. स्वयंपाकघरात फोडणी बसलेली नको, देवघरात उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. पान, तंबाखू, पुदिन्याची टूथपेस्ट यांच्यानंतर तासभर तरी थांबा.

तापमानाचं आपल्याकडे वेगळं भान ठेवावं लागतं. परदेशी लेखांत ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात पुण्या-मुंबईतली खोली ३२-३३ अंशांवर असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलची वाफ आधी नाकात घुसते आणि बाकी काही कळत नाही. वीस-बावीस अंश योग्य. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून काढा, किंवा एसी लावलेल्या खोलीत बसा. बर्फ घालू नका. गारठ्याने वास मिटतात.

शेजारी साधं पाणी आणि बिनतुपाची पोळी किंवा पाव ठेवा. आणि जमलं तर त्याच कारखान्याच्या ब्लांकोचा एक घोट दुसऱ्या ग्लासात. तो कशाला, ते पुढे येतंच.

डोळ्यांनी

यावर फार वेळ घालवू नका. पांढऱ्या कागदापुढे ग्लास धरा. वापरलेल्या बर्बन पिंपात दीड वर्ष राहिलेली टकीला सहसा फिक्या गवती ते मध्यम सोनेरी रंगाची असते. एवढ्याच वयाची टकीला कडक चहासारखी दिसली तर एकतर पिंप नवं, आतून चांगलं जाळलेलं असेल, नाहीतर कॅरॅमल असेल. संशय मनात नोंदवा, निकाल देऊ नका. ग्लास तिरका केल्यावर काचेवरून उतरणाऱ्या रेषा पाहून लोक भारावतात. अल्कोहोलमुळेही त्या येतात आणि ग्लिसरीनमुळेही, म्हणून दर्जाचा पुरावा म्हणून त्यांना मी धरत नाही.

नाकाने

निम्मं काम इथेच होतं. ओतल्यावर दहा मिनिटं ग्लासला हात लावू नका. वाइनसारखा गरगरा फिरवू नका, त्याने वाफ उसळते. ग्लास आडवा करून एकदा हळू वळवा, आतली बाजू ओली होईल एवढंच.

आता तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. तोंड मिटून खोल श्वास घेतला तर नाक झोंबून पुढची पाच मिनिटं बधिर होतं. ग्लास थोडा तिरका धरून नाक आधी खालच्या काठाशी न्या, मग मध्यभागी, मग वरच्या काठाशी. तिन्ही ठिकाणी वेगळं मिळतं. वरच्या काठाशी हलके, फुलांचे, लिंबूवर्गीय वास सापडतात. मधे अल्कोहोल जास्त. खालच्या काठाशी जड वास, लाकूड आणि शिजलेला अगावे. एकदा एका नाकपुडीने, एकदा दुसरीने घेऊन पाहा, फरक पडतो.

क्रम असा ठेवा: आधी अगावे शोधा, मग ओक. उलट केलं तर ओकच सापडत राहतो, कारण तो मोठ्याने बोलतो. रताळं, काकवी, ओली माती, मिरी, लिंबाची साल यातलं काही आहे का? हे अगावेकडून आलं. व्हॅनिला, खोबरं, लवंग, जायफळ, भाजलेला बदाम, तंबाखूचं पान, सुकी द्राक्षं? हे पिंपाकडून. लवंगेचा वास कल्पनेतला नसतो. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच जाळलेल्या ओकमध्येही तयार होतं. व्हॅनिलाचंही तसंच, व्हॅनिलिन लाकडातल्या लिग्निनपासून सुटतं.

ओकचा व्हॅनिला इतर वासांमध्ये गुंतलेला येतो, मागेपुढे होतो. केकच्या दुकानात शिरल्यासारखा एकाच उंचीवर राहणारा, दहा मिनिटांनीही तसाच असलेला व्हॅनिला मिळाला तर कान टवकारा. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, जळक्या रबराचा वास हे दोष आहेत. पहिला किंचित असेल तर हवेने जातो. बाकीचे दोन सहसा जात नाहीत.

आल्तोस आणि खोऱ्याचा फरकही बरेच जण इथे शोधतात. आरांदासच्या बाजूचा लोस आल्तोस हा लाल मातीचा उंच प्रदेश, तिथल्या टकीला गोडसर, फळं-फुलांकडे झुकणाऱ्या. टकीला आणि आमातितान गावांच्या खोऱ्यातल्या जास्त मातकट, मिरमिरीत. ढोबळ मानाने खरं आहे. पण अगावेचे ट्रक इकडून तिकडे जातात आणि भट्टीचा प्रकार मातीपेक्षा जास्त ठसा सोडतो, म्हणून नवख्याने यात अडकू नये.

जिभेने

पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. अगदी छोटा, अर्धा चमचा. तो सगळीकडे फिरवा आणि गिळा. झोंबेल, झोंबू द्या. त्याच्यावर मत बनवू नका. एक मिनिट थांबा, पाणी प्या.

दुसरा घोट खरा. जिभेवर पाच-सहा सेकंद धरा. सुरुवातीला टोकाशी गोडवा येईल. तो कुठे जातो ते पाहा. चांगल्या आन्येहोत तो जिभेच्या मध्यापर्यंत येऊन मागे सरतो आणि मिरी, सुंठ, थोडं तुरट लाकूड पुढे येतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. हा उच्छ्वास फार महत्त्वाचा आहे. घशाच्या मागच्या बाजूने वास वर चढतो आणि ग्लासमधून न सापडलेला अगावे बऱ्याचदा इथे सापडतो.

डिस्टिलेशनमध्ये साखर वर येत नाही. म्हणजे गाळलेल्या टकीलात साखर नसते आणि पिंपातूनही ती अगदी नगण्य येते. जो गोडवा वाटतो तो वासामुळे आणि लाकडामुळे, त्यामुळे तो कोरडा संपायला हवा. गिळून अर्धा मिनिट झाल्यावर ओठ चाटा. ओठांवर पाकाचा चिकटपणा असेल, किंवा जिभेच्या कडांना शुगर-फ्री गोळीसारखा रेंगाळणारा गोडवा असेल, तर तो अगावेचा नाही.

झोंबणं दोन तऱ्हेचं असतं, ते वेगळं ओळखायला शिका. मिरीचं झोंबणं जिभेवर पसरतं आणि त्याला चव असते. कच्च्या अल्कोहोलचं झोंबणं घशात, छातीत टोचतं आणि मागे काहीच ठेवत नाही. पहिलं हवं. ते अजिबात नसलेली, लोण्यासारखी घसरणारी टकीला मला गुण वाटत नाही.

मग शेवट मोजा. गिळल्यापासून चव किती वेळ टिकते आणि टिकताना काय उरतं? मी इथे ‘किती’पेक्षा ‘काय’ला जास्त मान देतो. मिनिटभर फक्त लाकूड आणि कडू तुरटपणा उरला तर पिंपात जास्त वेळ गेला. थोडा कमी टिकला, पण शेवटी काकवी आणि हिरवा कडसरपणा परत आला, तर पिंपातून वेळेवर काढणाऱ्याचा हात जाणता आहे.

तिसऱ्या घोटाआधी पाण्याचे दोन-तीन थेंब घालून पाहा. काही टकीला उमलतात, काही पाणचट होतात.

शेजारचा ब्लांको

आता तो दुसरा ग्लास घ्या. ब्लांको म्हणजे त्याच कारखान्याचा अगावे, लाकडाशिवाय. त्याचा वास घ्या, एक घोट घ्या, पाणी प्या, आणि परत आन्येहोकडे या. ब्लांकोतलं काय पिंपातून तगून आलं? लिंबूवर्गीय वास बहुतेक विरतो, ते ठीक आहे. पण भाजलेल्या रताळ्याचा तो कणा दिसायलाच हवा. एल तेसोरो किंवा फोर्तालेसाची अशी जोडी परदेशी राहणाऱ्या वाचकांना मिळू शकेल आणि तिच्यावर हा फरक लख्ख कळतो. दोन्हींकडे दगडी चाकाने, ताओनाने, शिजलेला गड्डा ठेचतात, त्यामुळे अगावे भरभरून असतो आणि मुरल्यावरही हरवत नाही. ही एक जोडी नीट चाखली की दहा बाटल्या सुट्या चाखण्यापेक्षा जास्त कळतं.

तळहात आणि रिकामा ग्लास

दोन थेंब तळहातावर घ्या आणि हात एकमेकांवर जोरात चोळा. अल्कोहोल उडून जातं. कोरडे, किंचित मऊ हात आणि त्यांना शिजलेल्या अगावेचा वास: चांगली खूण. तळवे सोडवताना चिकटले तर पाक किंवा ग्लिसरीनचा संशय घ्या. घामेजलेल्या हातांनी हे करू नका, आधी धुऊन कोरडे करा.

ग्लास तसाच, न धुता ठेवून द्या आणि सकाळी हुंगा. पाणी आणि अल्कोहोल उडालेलं असतं, जड वास काचेला धरून राहतात. त्यात अगावे, ओक, थोडा धूर असेल तर उत्तम. नुसत्या व्हॅनिला इसेन्सचा वास आला, तळाशी बोट चिकटलं, तर रात्रीचं मत परत तपासा. या दोन्ही चाचण्या प्रयोगशाळेच्या नाहीत, पण नाक आणि जिभेच्या साक्षीला त्या जोड देतात.

नोंद आणि निकाल

वही ठेवा. नाव, नॉम क्रमांक, तारीख, आणि तुमच्या स्वतःच्या शब्दांत वास-चव. परदेशी नोंदींत ‘बटरस्कॉच’ आणि ‘सीडर’ असतं म्हणून तुम्हीही तेच लिहायला हवं असं नाही. तुम्हाला चिक्की आठवली तर चिक्की लिहा, जुन्या शिसवी कपाटाचं दार आठवलं तर तेच लिहा. पुढच्या वेळी तुमच्याच शब्दावरून तो वास तुम्हाला परत सापडेल.

गुण द्यायचे असतील तर शंभरापैकी वासाला ३०, चवीला ३०, शेवटाला १५ आणि अगावे-लाकडाच्या तोलाला २५ अशी माझी वाटणी आहे. तोलाला एवढे गुण का, हे आतापर्यंत कळलंच असेल. किंमत ठाऊक असली की जीभ खोटं बोलते, म्हणून घरातल्या कुणाला तरी दोन-तीन ग्लास खुणा करून ओतायला सांगा आणि गुण मांडून झाल्यावरच नावं उघडा. एका बैठकीत तीनच्या पुढे जाऊ नका; चौथ्यापासून नाक थकतं आणि अल्कोहोलही चढलेलं असतं. गाडी चालवायची असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी.

एक्स्ट्रा आन्येहोकडे नवख्याने घाईने वळू नये. हलिस्कोच्या उबदार हवेत पिंपातून दारू भराभर उडते आणि लाकूड लवकर चढतं. तीन-चार वर्षांनंतरही अगावे टिकवणं मोजक्यांनाच जमतं. जास्त वय म्हणजे जास्त चांगली हे गणित थंड स्कॉटलंडमधून आलेलं आहे, इथे ते लागू नाही. क्रिस्तालिनो, म्हणजे मुरवून मग कोळशातून गाळून रंग काढलेली टकीला, दिसायला सुंदर असते, पण गाळणीत रंगाबरोबर चवही जाते. ती शिकण्यासाठी घेऊ नका.

उघडलेली बाटली उभी ठेवा, उन्हापासून दूर. आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बुचाला खातं. बाटलीत ती आणखी मुरत नाही. हवा लागून हळूहळू उतरतेच. एक तृतीयांश उरली की लहान, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, लेबलाचा फोटो काढून ठेवा आणि तीन-चार महिन्यांत संपवा.